पूर्ववत

सरकारी नोकर वैद्यकीय रजा संपवून कामावर परततो तेव्हा त्याच्या हाती एक कागद असावा लागतो. १९७२ च्या केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियमांना जोडलेल्या नमुन्यांत हा नमुना पाचवा. कर्मचाऱ्यास काळजीपूर्वक तपासले, तो आजारातून बरा झाला आहे आणि शासकीय सेवेतील आपले काम पुन्हा हाती घेण्यास योग्य आहे, एवढाच त्याचा आशय. खाली वैद्यकाची सही. आस्थापना शाखेत आल्यापासून असे शेकडो कागद माझ्या टेबलावरून पुढे गेले असतील. कावीळ, विषमज्वर, मोडलेला हात, काढून टाकलेले पित्ताशय. 'बरा झाला आहे' या शब्दांपाशी मी कधी थबकलो नाही. थबकण्याचे कारणच नव्हते. हाड सांधले की माणूस बरा झाला, ताप उतरला की बरा झाला. यात वाद कशाचा?

तीन वर्षांपूर्वी आलेल्या एका कागदाने मात्र माझी ही निश्चिंती घालवली.

तो कागद ज्यांचा होता ते माझे वरिष्ठ. कोलकात्याच्या आमच्या कार्यालयात मराठी माणसे आम्ही दोघेच. कचेरीत मी त्यांना साहेब म्हणे, वसाहतीत दादा. मूळचे अमरावती जिल्ह्यातले. परंतु त्यांच्या बोलण्यावरून ते कोणाला ओळखू आले नसते, इतकी त्यांची भाषा घासूनपुसून घेतलेली होती. माणूस अबोल, करडा, कामात काटेकोर. त्यांना विनोद करताना मी कधी पाहिले नव्हते. माझ्या मसुद्यातील प्रत्येक चूक लाल पेन्सिलीने अधोरेखित करून ते नस्ती परत पाठवीत; स्वत: दुरुस्त करीत नसत. त्या पेन्सिलीचा मला पहिली दोन वर्षे राग येई, पुढे तिच्यावाचून करमेना.

जुलैच्या एका संध्याकाळी, भर पावसात, बसमधून उतरताना त्यांचा पाय निसटला आणि डोके पदपथाच्या कडेवर आदळले. मेंदूवर साचलेले रक्त त्याच रात्री शस्त्रक्रिया करून काढावे लागले. मेंदूच्या पुढच्या भागालाही मार होता.

अशा रुग्णाची शुद्ध किती आहे हे मोजण्याची एक पद्धत जगभर रूढ आहे. १९७४ साली ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या दोन वैद्यकांनी ती सुचवली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त चार गुण, बोलण्याला पाच, हालचालीला सहा, एकूण पंधरा. अगदी खालच्या अवस्थेतही तीन गुण मिळतातच. रुग्ण प्रश्नाचे सुसंगत उत्तर देत असेल तर बोलण्याचे पाच. गोंधळलेला असेल तर चार. नुसते असंबद्ध शब्द उच्चारीत असेल तर तीन. अर्थहीन आवाज काढीत असेल तर दोन. सहाव्या दिवशी मी दादांना पाहावयास गेलो तेव्हा तक्त्यावर बोलण्यापुढे दोनाचा आकडा होता. परिचारिका बंगाली, मोठी कनवाळू बाई. ती म्हणाली, "ते सारखे काही तरी आवाज करताहेत, पण त्यात अर्थ नाही." मी वाकून कान दिला. दादा म्हणत होते, "माय, गाय आली काय वं?"

पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका अंगणातला तो प्रश्न होता. त्या बाईला मी तो हिंदीत सांगितला, तशी ती क्षणभर गप्प राहिली आणि मग तिने दोनाचे चार केले. एका कारकुनाने भाषांतर केले म्हणून एका माणसाची शुद्ध दोन गुणांनी वाढली! यात त्या बाईचा दोष मी धरीत नाही. ज्या गावी आपली भाषा कोणाला येत नाही त्या गावी आपण बेशुद्ध पडलो, तर आपले शहाणपणही अर्थहीन आवाजांत जमा होईल, हा विचार मात्र त्या रात्री ट्राममधून परतताना माझ्या मनातून जाईना. हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण अशाच गावी राहतात, म्हणून तो येथे नोंदवून ठेवतो.

मेंदूला इजा झालेल्या बहुभाषिक माणसाची कोणती भाषा आधी परतते, यावर दोन फ्रेंच विद्वानांची जुनी मते आहेत. रिबो यांनी १८८१ साली स्मृतीच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते जे सर्वांत जुने तेच सर्वांत टिकाऊ, म्हणून बालपणची भाषा आधी परतावयाची. पीत्र यांनी १८९५ साली म्हटले की, इजेच्या वेळी जी अधिक वापरात होती ती आधी येते. पुढे पाहिलेल्या रुग्णांनी दोघांनाही कधी खरे, कधी खोटे ठरवले. दादांनी रिबो यांची बाजू घेतली एवढे खरे. वऱ्हाडी प्रथम आली, पाठोपाठ पुस्तकी मराठी, मग हिंदी. आणि जिच्यावर तीस वर्षे पोट भरले ती टिपणीलेखनाची इंग्रजी सर्वांत शेवटी, अडखळत.

आठ महिन्यांनी तो कागद आला. दादा आजारातून बरे झाले होते आणि कामास योग्य होते. वैद्यकाचे काही चुकले असे मला म्हणावयाचे नाही. चालत होते, जेवत होते, वार व तारीख सांगत होते, शंभरातून सात सात वजा करीत खाली येत होते. परंतु दुपारी बारानंतर त्यांना असा थकवा येई की, डोळे उघडे असूनही समोरचा कागद दिसत नसे. दोन माणसे एकदम बोलू लागली तर दोघांचेही त्यांच्यापर्यंत पोचत नसे. क्षुल्लक कारणावरून संताप येई, आणि तो वऱ्हाडीत येई. आणि ते विनोद करू लागले होते! बरे विनोद, वाईट विनोद, कधी भलत्या वेळी. करडेपणाचे ते जुने कवच जणू शस्त्रक्रियेच्या टेबलावरच राहून गेले होते.

वसाहतीतली मराठी कुटुंबे भेटावयास येत. दारातच वहिनींना विचारीत, "काय, पहिल्यासारखे झाले ना?" वहिनी हसून मान हलवीत. एकदा सगळे गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "हे समोर बसलेले असतात. तरी सगळे मला विचारतात, ते परत आले का म्हणून. मग हे कोण बसलेत?"

या प्रश्नाने मला पुस्तकांकडे नेले, कारण पदवीधर माणसाला संकटात तेवढेच सुचते. जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १६९४ साली असे मांडले की, माणूस तोच आहे हे ठरते ते देहावरून नव्हे, जाणिवेच्या सातत्यावरून. कालचे कृत्य आज ज्याला आपले म्हणून आठवते तो तोच. आपल्याकडील नैयायिकांनी प्रत्यभिज्ञेचा आधार घेतला: जे पूर्वी पाहिले त्यालाच आता मी स्पर्श करीत आहे असे म्हणणारा कोणी एक असलाच पाहिजे. आणि मिलिंदपञ्हात भिक्षू नागसेन राजाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो. पहिल्या प्रहरीची ज्योत व शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच म्हणता येत नाही आणि निराळीही म्हणता येत नाही. तिन्ही विवेचने मला आवडली. परंतु नागसेनाच्या दिव्याला कोणी धक्का मारलेला नाही. शिवाय हे सर्व विद्वान, तो तोच आहे काय, एवढेच विचारतात. वहिनींना ते नको होते. नवरा बदलला आहे हे त्या सर्वांआधी जाणत होत्या. तो पूर्वीचा नाही म्हणून त्याला गैरहजर मांडण्याचा अधिकार लोकांना कोणी दिला, हा त्यांचा प्रश्न होता.

मेंदूच्या इजेच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध रुग्ण फिनिअस गेज. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात लोहमार्गासाठी खडक फोडीत असता सुरुंगाचा अवेळी स्फोट झाला, आणि दारू ठासण्याची लोखंडी पहार, साडेतीन फुटांहून लांब व सुमारे सहा किलो वजनाची, त्याच्या डाव्या गालातून शिरून डोक्याच्या माथ्यातून बाहेर पडली. वय पंचवीस. काही मिनिटांतच तो बोलू लागला आणि बैलगाडीत बसून मुक्कामी गेला. हार्लो नावाच्या गावच्या डॉक्टरने त्याला वाचवले. वीस वर्षांनी, १८६८ साली, याच हार्लोने लिहिले की, पूर्वीचा समंजस व मेहनती मुकादम चंचल, शिवराळ आणि हेकट झाला. ओळखीच्या लोकांना तो गेज वाटेना. ठेकेदारांनी जुनी जागा देण्याचे नाकारले. पाठ्यपुस्तकांतून गेजची हकिकत बहुधा येथेच संपते. माणसाचा स्वभाव मेंदूत कोठे असतो हे सांगण्यास एवढी हकिकत पुरते. उरलेला गेज कोणाला लागत नाही.

परंतु गेज त्यानंतर साडेअकरा वर्षे जगला. १८५२ साली तो दक्षिण अमेरिकेत चिलीला गेला आणि तेथे काही वर्षे त्याने सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकली. माल्कम मॅकमिलन या ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञाने त्याच्या आयुष्याचे सर्व पुरावे गोळा करून २००० साली ग्रंथ लिहिला, आणि पुढील संशोधनात असे मत मांडले की, गेज बऱ्याच अंशी सावरला असला पाहिजे. सहा घोड्यांचे लगाम बोटांत वेगवेगळे सांभाळणे, वेळा पाळणे, परक्या भाषेच्या मुलखात उतारूंशी वागणे, ही चंचल माणसाची कामे नव्हेत. १८६० च्या मे महिन्यात आकडीच्या झटक्यांनंतर सॅन फ्रान्सिस्को भागात त्याचा मृत्यू झाला. त्याची कवटी व ती पहार आज हार्वर्डच्या संग्रहालयात आहेत.

मी या हकिकतीकडे बदलीवर गेलेल्या माणसाच्या नजरेने पाहतो. व्हरमाँटमधल्या प्रत्येकापाशी जुन्या गेजचे माप होते, आणि नवा गेज रोज त्या मापाला कमी पडत होता. चिलीत जुना गेज कोणी पाहिलेलाच नव्हता. तेथे तो गाडीवान होता. चांगला की वाईट एवढेच लोक पाहात असतील. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. परंतु आमच्याच शाखेत मी त्याची प्रचिती घेतली. दादा परतल्यावर दोन महिन्यांनी एक तरुण बंगाली कारकून नव्याने रुजू झाला. दादांशी सर्वांत सहज वागला तो हाच. त्याच्या लेखी साहेब म्हणजे सावकाश काम करणारे, मध्येच भडकणारे, गमत्ये गृहस्थ. त्यांच्या संतापाने तो दुखावत नसे आणि आम्हां जुन्यांसारखा हळहळतही नसे. आमची हळहळ खरी होती, तरी ती ज्याच्यासाठी होती तो माणूस खोलीत नव्हता. आणि जो खोलीत होता त्याला ती दिवसभर सोसावी लागत होती.

तेवढ्यावर थांबता आले असते तर बरे झाले असते. दादांना नव्याने स्वीकारा, मागचे विसरा, असे सांगून मोकळे झालो असतो. परंतु ज्याला इजा झाली त्यालाच मागचे परत हवे असेल तर? १९४३ च्या मार्च महिन्यात स्मोलेन्स्कच्या आघाडीवर झासेत्स्की नावाच्या तेवीस वर्षांच्या रशियन सैनिकाच्या डोक्यात गोळी शिरली. मेंदूच्या मागच्या बाजूस, डावीकडे. त्याला जगाचे तुकडे दिसत. स्वत:च्या शरीराचा उजवा भाग कोठे आहे हे कळत नसे. अक्षरे ओळखू येईनात. पुढे त्याच्या ध्यानी आले की, हात न उचलता, अक्षराचा विचार न करता, सवयीने लिहीत गेले तर लिहिता येते. लिहिलेले स्वत:ला वाचता मात्र येत नव्हते, किंवा अतिशय कष्टाने येई. तरी त्याने सुमारे पंचवीस वर्षे लिहिले. तीन हजार पाने. दिवसभर खपून कधी अर्धे पान. त्याच्यावर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी त्यातून १९७१ साली एक पुस्तक सिद्ध केले. त्याच्या मेंदूचा पुढचा भाग शाबूत होता, असे लुरिया सांगतात. म्हणून काय गमावले ते त्याला पुरते कळत होते, आणि ते परत मिळवण्याची इच्छाही शाबूत होती. त्या माणसाला, बाबा रे, आता आहेस तसा राहा, असे कोणी सांगितले असते तर ती दया ठरली असती की क्रौर्य?

दादांच्या बाबतीत माझ्या हातून झाले ते सांगतो. परतल्यावर त्यांच्याकडे सेवानिवृत्तांच्या अर्हताकारी सेवेचा हिशेब आला. बिनपगारी रजेचे दिवस वगळावयाचे, मधले खंड पाहावयाचे, वर्षे व महिने जुळवावयाचे. काम मुंगीचे, पूर्वी ते डोळे मिटून करीत. आता चुका होऊ लागल्या. मी सायंकाळी पाचनंतर थांबून त्यांच्या नोंदी उघडी आणि गुपचूप दुरुस्त करी. चार महिने हे चालले. आपण एक सत्कृत्य करीत आहोत असे मला वाटे. नाकारत नाही, त्यात थोडा अभिमानही होता. परंतु कागदी नस्ती जाऊन संगणकावरील नस्ती आल्यापासून कोणी कोणता मसुदा किती वाजता बदलला, याची नोंद राहते. एका सकाळी दादांनी ती पाहिली.

"हे तू करतोस?"

"दादा, तुम्हांला त्रास नको म्हणून."

"तुझ्या चुका मी कधी अशा पुसल्या होत्या काय?" त्यांचा आवाज चढला. सारी शाखा माना वर करून पाहू लागली. "माही चूक मले दाखोत नाईस, तं मी सुधरू कसा?"

मला उत्तर देता आले नाही. मेलेल्या पेशी मेंदू बहुतेक पुन्हा घडवीत नाही. उरलेल्या पेशी नवे मार्ग जोडून काम उचलतात, आणि ते मार्ग सरावाने पक्के होतात. आपली चूक कळल्यावाचून सराव कसला? मी चार महिने त्यांच्या मेंदूची शाळा सायंकाळी पाचला बंद करीत होतो. याहून मोठी गोष्ट अशी की, ज्यांनी माझ्या प्रत्येक चुकीला उत्तरदायी धरून मला माणसात आणले, त्यांना मी त्या मानातून वगळले होते.

तथापि याला दुसरी बाजू आहे आणि ती मी लपवीत नाही. त्या नोंदी तशाच पुढे गेल्या असत्या तर कोणा निवृत्त शिपायाचे पैसे अडकले असते. दादांचा स्वाभिमान जपण्याची किंमत त्या शिपायाने का मोजावी? म्हणून आम्ही असे ठरवले की, दादांनी हिशेब बारापूर्वीच करावेत, मी ते तपासावेत, चुकले तेथे लाल खूण करावी आणि नस्ती परत पाठवावी. दुरुस्ती त्यांची त्यांनी करावी. पहिल्या दिवशी लाल खूण करताना माझा हात अडला. दादांनी ती पाहिली आणि म्हणाले, "अक्षर सुधार."

रागाच्या बाबतीत मात्र माझा निर्णय अजून झालेला नाही. एकदा ते खिडकीशी आलेल्या एका वृद्धाला फार लागेल असे बोलले. वहिनी म्हणतात, ते बोलले नाहीत, दुखणे बोलले. मला हे पुरतेपणी मान्य होत नाही. कारण दुसऱ्या दिवशी मी सांगितले तेव्हा दादांनी त्या गृहस्थाचा पत्ता शोधून काढला आणि घरी जाऊन क्षमा मागितली. ज्याला क्षमा मागता येते त्याचा अपराध दुखण्याच्या खाती टाकला, तर त्याची क्षमाही दुखण्याचीच समजावी लागेल. परंतु असेही रुग्ण असतात की, आपण काही वावगे केले हेच ज्यांना कळत नाही. न कळणे हाच त्यांच्या इजेचा भाग असतो. त्यांना लाल पेन्सील लावणे निर्दयपणाचे होईल. कोण कोणत्या बाजूचा हे कोणत्याही गुणतक्त्यात दिसत नाही. जवळच्यांनी रोज नव्याने ठरवावे, आणि पुष्कळदा चुकावे.

कायदा आपल्या परीने उदार आहे. १९९५ च्या कायद्यात होती तीच तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या विसाव्या कलमात आहे: सेवेत असता दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेने काढावयाचे नाही, खालच्या पदावर उतरवावयाचे नाही, जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच लाभांसह दुसरे पद द्यावयाचे, आणि तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावयाचे. गेजला हे लाभले नाही, आणि आपल्याकडे खाजगी नोकरीत वा रोजंदारीवर असलेल्या किती जणांना असा आधार लाभत असेल याचा विचार मनात आला की, आपण सरकारी नोकर किती सुरक्षित आहोत ते कळते. दादांसाठीही अधिसंख्य पदाचा प्रस्ताव निघाला होता. तो मसुदा मीच लिहिला. पगार पूर्ण, काम काही नाही. दादांनी वाचून विचारले, "अधिसंख्य म्हणजे मोजणीत न धरलेला ना?" प्रस्ताव पुढे गेला नाही. तो मागे घेतला हे योग्य झाले की नाही, हे त्यांच्या निवृत्तीपर्यंत मला सांगता येणार नाही. अद्याप दोन वर्षे आहेत, आणि थकवा अजून बाराच्या ठोक्याला येतो.

गेल्या दिवाळीत त्यांचे एक महाविद्यालयीन मित्र नागपूरहून आले होते. मी तेथेच होतो. त्यांनी दादांना कवटाळले आणि, ज्याची वहिनींना भीती होती तेच, भरल्या गळ्याने विचारले, "काय गड्या, झालास ना पहिल्यासारखा?" दादांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "यांना मी पूर्वी ओळखत होतो काय रे?"

मित्राचा चेहरा उतरला. ते विस्मरण होते की विनोद, हे मला आजही कळलेले नाही. वहिनी मात्र तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या, आणि आतून त्यांच्या हसण्याचा आवाज आला.